मिठातला दुसरा अर्धा: क्लोराइड पेशीच्या आतबाहेर कसा जातो

मीठ म्हटलं की सगळे सोडियमबद्दलच बोलतात. बीपीवाल्यांना डॉक्टर सोडियम कमी करा म्हणतात, बिस्किटाच्या पुड्यावर सोडियम किती ते छापलेलं असतं, कोणी म्हातारं माणूस ॲडमिट असलं की नातेवाईक फोनवर आधी "सोडियम किती आलं?" हेच विचारतात. पण वजनात बघाल तर मिठात सोडियम जेमतेम ३९ टक्के असतं, उरलेलं ६१ टक्के क्लोराइड, आणि त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आपल्या रक्ताच्या पाण्यात सगळ्यात जास्त असलेला निगेटिव्ह चार्जचा आयन म्हणजे हाच क्लोराइड, लिटरमागे साधारण १०० मिलीमोल. त्याच्या खालोखाल बायकार्बोनेट, २४-२५ च्या आसपास. हे दोन ऋण आयन पेशीच्या आत कसे जातात आणि बाहेर कसे येतात ते आज जरा सावकाशीने बघू, कारण पटकी म्हणजे कॉलऱ्यात माणूस का मरतो आणि जलसंजीवनीच्या एका पाकिटाने तो का वाचतो, ही दोन्ही उत्तरं त्या येण्याजाण्यातच आहेत.

आधी मुळात अडचण काय आहे ते समजून घेऊ. पेशीचं आवरण, म्हणजे मेंब्रेन, हे स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं, पाणी आवडणारी डोकी बाहेरच्या दोन्ही बाजूंना आणि तेलकट शेपट्या मधे. जाडी सगळी मिळून ४ ते ५ नॅनोमीटर. आता पाण्यात फिरणारा क्लोराइड कधी एकटा नसतो, त्याच्याभोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात, आपली किंचित पॉझिटिव्ह असलेली हायड्रोजनची बाजू त्याच्याकडे करून. मधल्या तेलकट भागात शिरायचं तर हे सगळं पाणी सोडून द्यावं लागतं, आणि तेलाकडे त्या बदल्यात द्यायला काहीच नसतं, त्यामुळे हा सौदा इतका तोट्याचा पडतो की क्लोराइड त्या वाटेला जातच नाही. नुसत्या स्निग्ध थरातून पाणी जितक्या सहज पाझरतं त्याच्या कोट्यवधी पटीने कमी क्लोराइड पाझरतो. म्हणजे व्यवहारात बंदच.

म्हणून पेशीने मेंब्रेनमधे आरपार बसवलेली प्रोटीन्स ठेवलीयेत. त्यांचे ढोबळ दोन प्रकार. एक चॅनल, ज्यात गेट उघडलं की आतून एक सलग पाण्याची वाट तयार होते आणि आयन ज्या बाजूला ओढ असेल तिकडे धडाधड जातात, सेकंदाला लाखोंनी. दुसरा ट्रान्सपोर्टर, जो आयनला एका बाजूने धरतो, स्वतःचा आकार बदलतो, आणि दुसऱ्या बाजूला सोडतो. त्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच उघड्या नसतात, त्यामुळे तो चॅनलपेक्षा बराच सावकाश चालतो.

पण ऋण आयनला धरायचं कसं, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाहीये, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच आहे. पटकन डोक्यात येतं की क्लोराइड निगेटिव्ह आहे ना, मग वाटेत एक सणसणीत पॉझिटिव्ह चार्ज ठेवा, आर्जिनिन नाहीतर लायसिनसारखं पॉझिटिव्ह अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्यांच्या साखळीचं बनतं ते तुकडे), येईल ओढला जाऊन. येईल, पण मग जाणार नाही. तिथेच चिकटून बसेल आणि मागच्यांचीही वाट अडवेल. म्हणून ही प्रोटीन्स त्याला हलक्या हाताने धरतात. प्रोटीनच्या कण्यातले नायट्रोजनला जोडलेले हायड्रोजन, सेरीन-टायरोसीनसारख्या अमिनो ॲसिडांचे हायड्रॉक्सिल, असे अर्धेमुर्धे पॉझिटिव्ह भाग त्याच्याभोवती जमतात आणि पाण्याने जे दिलं होतं साधारण तेवढंच त्याला देतात, जास्त नाही. पूर्ण पॉझिटिव्ह चार्ज असतात ते वाटेच्या तोंडाशी किंवा जरा लांब, नुसतं बोलावण्यापुरते. २००२ साली रॉडरिक मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेने सीएलसी नावाच्या कुटुंबातल्या बॅक्टेरियाच्या प्रोटीनची एक्स-रे रचना काढली तेव्हा हे अगदी समोर दिसलं, की मधल्या जागेत क्लोराइड बसलाय आणि त्याला थेट चिकटलेलं पूर्ण पॉझिटिव्ह असं एकही अमिनो ॲसिड नाहीये.

अजून एक लक्षात घेण्यासारखं म्हणजे पोटॅशियमचे चॅनल निवडीच्या बाबतीत भयंकर काटेकोर असतात, सोडियमला उभंही करत नाहीत, पण क्लोराइडचे चॅनल त्या मानाने ढिले. बरेचसे क्लोराइड चॅनल ब्रोमाइड, आयोडाइड, नायट्रेट यांनाही जाऊ देतात. यात चूक काही नाही, शरीरात क्लोराइडच एवढा भरपूर आहे की बाकीचे चुकून आले तरी किती येणार, म्हणून काटेकोरपणाची गरजच पडली नाही. बायकार्बोनेटचं मात्र तसं नाही, तो खरंच मुबलक आहे, आणि तो कुठून किती जाऊ द्यायचा यावर रक्ताचं आम्ल-अल्क ठरतं.

बायकार्बोनेटवरून आधी लाल पेशीकडे जाऊ. स्नायूंमधे तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसापर्यंत न्यायचा असतो, आणि त्यातला साधारण ७० टक्के वायू म्हणून जातच नाही, बायकार्बोनेट होऊन जातो. वायू लाल पेशीत शिरतो, तिथे कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम, ज्याचा एक रेणू सेकंदाला १० लाखांच्या घरात रेणू उलटसुलट करू शकतो, ते त्याचं पाण्याशी लग्न लावून बायकार्बोनेट करतं. आता हा बायकार्बोनेट आत साठत राहिला तर पुढचं काम अडेल, तो बाहेर रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात जायला हवा, आणि वेळ किती, तर रक्त केशवाहिनीतून जातं तेवढा, साधारण एक सेकंद. इथे बँड ३ नावाचं प्रोटीन कामाला येतं, एका लाल पेशीवर याच्या १० ते १२ लाख प्रती असतात, म्हणजे तिच्या मेंब्रेनमधलं सगळ्यात मुबलक प्रोटीन. हा ट्रान्सपोर्टर आहे, आणि गोव्यातल्या फेरीबोटीसारखा इकडून तिकडे करतो, फक्त याची अट अशी की रिकामं जायचं नाही. एक बायकार्बोनेट बाहेर सोडला की परतीला एक क्लोराइड घ्यायचाच, त्याशिवाय प्रोटीनचा आकार उलटा फिरतच नाही. शरीराच्या तापमानाला एक रेणू सेकंदाला सुमारे ५०,००० आयन अलटून पालटून नेतो, म्हणजे ट्रान्सपोर्टर सावकाश असतात म्हणालो त्यातला हा जवळजवळ विक्रमवीर. एक निगेटिव्ह बाहेर, एक निगेटिव्ह आत, त्यामुळे चार्जचा हिशोब जागच्या जागी राहतो आणि विजेच्या दाबाने काम अडत नाही. फुफ्फुसात पोचल्यावर तेच सगळं उलटं, बायकार्बोनेट आत, क्लोराइड बाहेर, आणि कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे गेला. क्लोराइडच्या या अदलाबदलीला डच शास्त्रज्ञ हॅम्बर्गर यांचं नाव आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती दाखवली. प्रोटीनची रचना नीट दिसायला मात्र २०१५ उजाडावं लागलं.

याच बँड ३ मधली सलग नऊ अमिनो ॲसिडं गळलेली माणसं मलेशिया, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी भागात सापडतात. त्यांच्या लाल पेशी लांबट अंडाकृती दिसतात. जनुकाची एक प्रत अशी असेल तर मेंदूच्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, दोन्ही प्रती तशा असतील तर मूल सहसा जन्मालाच येऊ शकत नाही.

सीएलसी कुटुंबाकडे एक मिनिट परत येतो, कारण त्याने अभ्यासकांना चांगलंच चकवलं होतं. सगळे या कुटुंबाला चॅनलचं कुटुंब समजत होते, मॅकिनन यांच्या रचनेलाही तेच नाव मिळालं. २००४ साली अकार्डी आणि मिलर यांनी मोजून दाखवलं की तेच बॅक्टेरियाचं प्रोटीन चॅनल नाहीच, ते दोन क्लोराइडच्या बदल्यात एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा पॉझिटिव्ह आयन, उलट दिशेला नेतं, म्हणजे ट्रान्सपोर्टर आहे. आणि त्याच घराण्यातलं आपल्या स्नायूंमधलं सीएलसी-१ मात्र खरोखरीचं चॅनल. चॅनल आणि ट्रान्सपोर्टर या दोन वेगळ्या जाती आहेत हे जे आपण वर मांडलं, ते शिकायला सोयीचं आहे, पण निसर्गात त्यांच्यात अंतर फार थोडं असू शकतं. त्या सीएलसी-१ मधे बिघाड झाला की आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही, मूठ मिटली की उघडायला वेळ लागतो. डॉ. थॉमसेन यांनी १८७६ साली हा आजार लिहून ठेवला, आणि तो त्यांनी स्वतःमधे आणि स्वतःच्या घराण्यातच पाहिला होता. अमेरिकेतल्या त्या दचकल्या की ताठ होऊन पडणाऱ्या बकऱ्यांचे व्हिडिओ बघितले असतील, त्यांच्यातही हेच चॅनल बिघडलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. क्लोराइडला ढकलतं कोण? उत्तर असं की थेट कोणीच नाही. आपल्या बहुतेक पेशींमधे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून क्लोराइड खेचणारा पंप नाहीचे. खर्च करतो तो सोडियम-पोटॅशियम पंप, तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, अखंड. त्यामुळे सोडियमला आत यायची प्रचंड ओढ लागते, आणि त्या ओढीवर क्लोराइड फुकटात प्रवास करतो.

लहान आतड्याच्या आतल्या कडेची पेशी घ्या. तिची एक बाजू रक्ताकडे, दुसरी आतड्याच्या पोकळीकडे. रक्ताच्या बाजूला एनकेसीसी-१ नावाचा ट्रान्सपोर्टर आहे, तो एका फेरीत एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असे चौघांना एकदम आत घेतो. सोडियमला पंप परत बाहेर काढतो, पोटॅशियम आपल्या चॅनलमधून निघून जातो, क्लोराइड आत साठतो, जितका एरवी असता त्यापेक्षा जास्त. पोकळीच्या बाजूला त्याच्यासाठी एक चॅनल आहे, सीएफटीआर. ते उघडलं की साठलेला क्लोराइड पोकळीत उतरतो, त्याच्या निगेटिव्ह चार्जमागोमाग पेशींच्या फटींमधून सोडियम जातो, आणि मीठ गेलं तिकडे पाणी जाणारच. पाणी ढकलणारा असा कोणी नाहीचे शरीरात, पाणी कायम मिठाच्या मागे. रोजच्या रोज हे थोडंथोडं चालूच असतं, आतडं ओलं राहायला तेवढं लागतंच.

सीएफटीआर विचित्र प्रोटीन आहे. १,४८० अमिनो ॲसिडांचं, आणि ज्या कुटुंबातलं आहे त्यातले बाकी बहुतेक एटीपी जाळून माल ढकलणारे. हे एकटंच असं की एटीपी वापरतं ते ढकलायला नाही, फक्त गेट उघडायला, पुढे क्लोराइड आपल्या ओढीने जातो. आणि नुसतं एटीपी असून भागत नाही, आधी त्याच्या एका लोंबत्या भागावर फॉस्फेट चिकटवावे लागतात, तो भाग बाजूला झाला तरच एटीपी आपलं काम करू शकतो. फॉस्फेट कधी चिकटणार, तर पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा छोटा रेणू वाढला की.

कॉलऱ्याचा जंतू बरोबर इथे हात घालतो. त्याचं विष पेशीत शिरतं आणि सायक्लिक एएमपी बनवण्याचा हुकूम देणाऱ्या प्रोटीनला असं काही चिकटवतं की ते बंदच होऊ शकत नाही. सायक्लिक एएमपी वाढत राहतो, सीएफटीआर उघडं ते उघडंच, क्लोराइड जातोय, सोडियम जातोय, पाणी जातंय, तासाला लिटरभरसुद्धा. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब म्हणतात ते हेच, त्यात मळ नसतोच जवळजवळ, नुसतं शरीरातलं खारं पाणी. जंतू आतडं कुरतडत नाही, पेशी मारत नाही. पेशी धडधाकट, त्यांचं एक चॅनल उघडं राहिलंय, आणि धडधाकट माणूस सकाळी आजारी पडून रात्रीपर्यंत जातो. आपल्याकडे गावोगावी मरीआईची देवळं आहेत, तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायची प्रथा होती, पंढरीच्या वारीत पटकी लागण्याची धास्ती एकोणिसाव्या शतकात कायमची होती. त्या सगळ्या भीतीच्या मुळाशी हे एवढंसं गेट होतं, आणि हे कोणाला माहीत असणं त्या काळी शक्यच नव्हतं.

जंतू नाही तर जंतूने बाहेर सोडलेलं विष हे काम करतं, हे सिद्ध केलं कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी, १९५९ साली. त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला, त्यात जंतू वाढवून मग गाळून काढलेलं, म्हणजे एकही जंतू नसलेलं पाणी सोडलं, आणि तरी तो तुकडा पाण्याने भरून फुगला. साधनं बेताची, विचार लखलखीत. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्यापासून पाऊणशे वर्षं जे विष आहे असं नुसतं म्हटलं जात होतं ते त्यांनी दाखवून दिलं. हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवं होतं, ते नाहीये, आणि याची मला खरंच चुटपुट लागते.

मग उपाय काय? गेट बंद करता येत नव्हतं. पण आतड्याच्या पेशीत आत येण्याची एक वेगळी वाट आहे जिला या विषाने काहीच फरक पडत नाही, एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत घेणारा ट्रान्सपोर्टर. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत येतात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमधे मांडली होती. म्हणजे बाहेर जाणारं थांबवता येत नसेल तर आत येणारं वाढवा. साखर आणि मीठ एकत्र प्यायला दिलं की सोडियम आत येतो, क्लोराइड त्याच्यामागे, पाणी दोघांच्या मागे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी ड्रममधे कालवून नळ लावून ठेवलं आणि नातेवाईकांना सांगितलं, पाजत राहा. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात एका ग्रंथालयाच्या खोलीत बसून त्यांची माणसं हे वजन करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायची आणि गरम इस्त्रीने पिशवीचं तोंड बंद करायची. ज्या छावणीत आधी शंभरातली तीसच्या आसपास माणसं जात होती तिथे हे प्रमाण साडेतीन-पावणेचारवर आलं.

आजच्या जलसंजीवनीच्या पाकिटावर आकडे वाचून बघा, २००२ पासूनचा जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सायट्रेट २.९ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. मोजलं तर सोडियम ७५ मिलीमोल आणि ग्लुकोजही ७५, हे जुळवून ठेवलंय त्याच ट्रान्सपोर्टरसाठी. म्हणूनच पाकीट अर्ध्या लिटरमधे कालवू नका आणि "चव लागत नाही" म्हणून वरून साखर टाकू नका, साखर जास्त झाली की ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. जुलाबात मुलाला कोल्ड्रिंक देतात त्याने हेच होतं. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट भरलेले. विषाने बिघडलेल्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून जातात आणि नव्या येतात, तोपर्यंत पाणी पुरवत राहायचं एवढंच खरं काम असतं.

आता हेच गेट उघडलंच नाही तर? तो सिस्टिक फायब्रोसिस हा आजार. सीएफटीआरचं जनुक १९८९ साली सापडलं, सातव्या गुणसूत्रावर, आणि सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड म्हणजे ५०८ व्या जागचं एक फेनिलॲलनिन गायब. एवढ्या मोठ्या प्रोटीनमधलं एकच अमिनो ॲसिड, पण त्यामुळे प्रोटीनची घडी नीट बसत नाही आणि पेशी त्याला खराब माल समजून मेंब्रेनपर्यंत पोचण्याआधीच मोडून टाकते. मग फुफ्फुसातल्या नळ्यांमधे क्लोराइड आणि पाणी उतरत नाही, कफ घट्ट चिकट होतो, त्यात जंतू घर करतात, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि अन्न पचत नाही.

घामात मात्र चित्र उलटं दिसतं. घाम ग्रंथीत तयार होतो तेव्हा चांगलाच खारट असतो, त्वचेवर येता येता वाटेत मीठ परत शोषलं जातं, आणि ते शोषायची वाट सीएफटीआरच आहे. गेट तेच, ओढ कुठल्या बाजूला आहे तेवढं वेगळं. ते बंद असेल तर मीठ घामातच राहतं. १९४८ साली न्यूयॉर्कमधे उष्णतेची लाट आली तेव्हा या आजाराची मुलं जास्त प्रमाणात कोसळून दवाखान्यात येतायत हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, त्यातून घामाच्या मिठाकडे नजर गेली, आणि आजही निदानाची मुख्य तपासणी घामातलं क्लोराइड मोजणं हीच आहे, लिटरमागे ६० मिलीमोल किंवा त्याहून वर असेल तर आजार, ३० च्या खाली असेल तर सहसा नाही. हा दोष क्लोराइडच्या वाटेचा आहे हे १९८३ साली पॉल क्विंटन यांनी घामाच्या नळ्यांवर प्रयोग करून दाखवलं, आणि त्यांना स्वतःला हाच आजार आहे. आपल्याकडे भारतात हा आजार नसतोच असं बरीच वर्षं मानलं जायचं. तो आहे, कमी आहे, आणि बाळाला वारंवार न्यूमोनिया, वजन वाढत नाही, शौचाला तेलकट होतं, पापी घेतली की खारट लागतं असं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना घामाच्या तपासणीबद्दल सरळ विचारा, विचारण्यात कमीपणा काही नाही.

२०१२ साली आयव्हाकाफ्टर हे औषध आलं, जे मेंब्रेनमधे पोचलेल्या पण नीट न उघडणाऱ्या गेटला उघडं ठेवतं. २०१९ साली त्याच्याबरोबर आणखी दोन औषधं जोडून गोळी आली, ती दोन औषधं प्रोटीनची घडी सावरून त्याला मेंब्रेनपर्यंत पोचवतात आणि मग पहिलं औषध गेट उघडतं. ज्यांना ती मिळते त्यांचं आयुष्य अक्षरशः बदललंय. पण अमेरिकेत तिची छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर होती, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक आईबापांसाठी ती असून नसल्यासारखी. आणि काही पेशंटच्या जनुकात असा बिघाड असतो की प्रोटीन अर्ध्यातच थांबतं, बनतच नाही. सावरायला प्रोटीनच नसेल तर या गोळीचा उपयोग शून्य. त्यांच्यासाठी एमआरएनए, म्हणजे प्रोटीन कसं बनवायचं ते पेशीला सांगणारा रेणू, श्वासावाटे फुफ्फुसात पोचवून पेशीकडून ताजं सीएफटीआर बनवून घ्यायचे प्रयत्न सध्या चालू आहेत, आणि त्यात मुख्य अडथळा आहे तो त्याच घट्ट कफाचा, जो ओलांडून औषधाला पेशीपर्यंत पोचावं लागतं.